वामनदादांच्या स्मृतीसाठी कोणते पुस्तक वाचावे?

[सिंदी मेघे येथील बुद्धविहारात वाचक मंडळापुढे केलेले भाषण. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनाही ते उपयोगी पडेल असे मंडळाचे मत पडल्यावरून येथे देत आहे.]

वकील विहारात बोलावयास उभा राहिला म्हणजे लोक आपापली कागदपत्रे काढून बसतात, असा माझा अनुभव आहे. जातीच्या दाखल्याचे काय होणार, मुलाच्या शाळेत धर्म कोणता लिहावा, १९९० साली अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांसाठी जी दुरुस्ती झाली तिचा लाभ आम्हांस मिळेल काय, हे प्रश्न मला ठाऊक आहेत. त्यांची उत्तरे मी सभा संपल्यावर व्हरांड्यात देईन. आजचा प्रश्न पुस्तकाचा आहे. येत्या १५ मे रोजी लोककवी वामनदादा कर्डक यांचा स्मृतिदिन आहे. त्या दिवसापासून वर्षावासाच्या आरंभापर्यंत मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ एक पुस्तक वाचावे, असे आपण ठरविले. कोणते, हे मात्र ठरले नाही. दोन रविवार या वादात गेले आणि दुसऱ्या रविवारी आवाजही चढले. म्हणून आज माझे मत मी सविस्तर मांडणार आहे. ते पटले नाही तर खुशाल फेटाळा.

वामनदादा कोण, हे आपल्यापैकी जुन्या घरांना सांगण्याची गरज नाही. परंतु ज्यांच्या घरी पंचशील नुकतेच आले आहे, त्यांनी त्यांची गीते ऐकली असली तरी त्यांचे नाव ऐकले असेलच असे नाही. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. नाशिककडचेच जलसाकार भीमराव कर्डक हे निराळे. आडनावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ लोक दोघांना एक समजतात, म्हणून हे सांगितले. वामनदादांनी हजारो गीते रचली, गावोगाव फिरून ती गाइली, आणि १५ मे २००४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९३ साली पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले ते वर्ध्याला, आणि त्याचे अध्यक्षपद वामनदादांकडे होते. सिंदी म्हटले की परक्या माणसाला सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे आठवते. आपली सिंदी मेघे तर वर्धा शहराला खेटून उभी आहे. तेव्हा ज्या माणसाला साहित्यिकांनी आपल्या उंबरठ्यावर अध्यक्ष केले, त्याच्यासाठी आपण दोन महिने पुस्तक उघडून बसणे हे काही मोठे दान नव्हे.

परंतु हा अध्यक्ष एके काळी निरक्षर होता. शाळा त्याच्या वाट्याला आली नव्हती. पोट भरण्यासाठी तो मुंबईस गेला, मिळेल ती मोलमजुरी केली. विशीतल्या या तरुणाजवळ एके दिवशी एक मनुष्य आला आणि आलेले पत्र वाचून दाखवा म्हणाला. पत्र हातात आले, पण वाचता येईना. हे सांगताना त्याला इतकी लाज वाटली की तो रडला. मी ही हकीगत वाचली तेव्हा प्रथम मला पत्र घेऊन आलेल्या माणसाचे नवल वाटले. याला वाचता येत असेल असे त्याला का वाटले असावे? कदाचित कपडे स्वच्छ असतील, बोलणे नीट असेल. आपल्यातही असे कितीतरी लोक आहेत, ज्यांना वाचता येत नाही हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. ते चष्मा घरी विसरलो म्हणतात, अक्षर बारीक आहे म्हणतात. वामनदादांनी सबब सांगितली नाही. समता सैनिक दलातील एका जाणत्या गृहस्थाकडून त्यांनी अक्षरे गिरविली, आणि जोडाक्षरे शिकण्यासाठी मुंबईच्या रस्त्यांवरील दुकानांच्या पाट्या वाचीत ते हिंडले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले. म्हणजे पाटीवरील अक्षर जुळविण्यापासून स्वतःचे गीत जुळविण्यापर्यंतचे अंतर त्यांनी तरुणपणीच, भर उमेदीत तोडले.

आता आपल्या वादाकडे वळतो.

आपल्यातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, आंबेडकरी कवीचे स्मरण करावयाचे तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याहून दुसरे पुस्तक कशास शोधावे? या म्हणण्यात वजन आहे. वर्ध्याला तर या ग्रंथाचा विशेष अभिमान असावयास पाहिजे, कारण त्याचा हिंदी अनुवाद करणारे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत कित्येक वर्षे काम केले होते. परंतु हा ग्रंथ आपण दर वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, वाचतोच. त्याचे स्थान कोणी हिरावून घेत नाही. उलट एक गोष्ट मला ज्येष्ठांच्या कानावर घालावयाची आहे. त्या वाचनात एकजण वाचतो आणि पन्नासजण ऐकतात. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकजणी वर्षानुवर्षे ऐकतच आहेत. ज्या घरांतून आपण अलीकडे बाहेर पडलो, त्या घरांत श्रावणात पोथी लागत असे. वाचणारा एक, हात जोडणारे सर्व, आणि समाप्तीला पोथी पुन्हा लाल कापडात. बाबासाहेबांच्या ग्रंथाची आपण पोथी करणार असू, तर कापड निळे आहे एवढ्याने काय फरक पडणार?

तरुणांचा पक्ष अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’चा. त्यांचा युक्तिवाद मला आवडला. अण्णा भाऊही शाहीर, त्यांनाही शाळा जवळजवळ नव्हतीच, आणि १९५९ सालची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आहे. एका शाहिरास दुसऱ्या शाहिराच्या पुस्तकाने मान द्यावा, यात गैर काहीच नाही. ‘फकिरा’ आपण वाचूच, मी तर म्हणतो हिवाळ्यात वाचू. पण वामनदादांच्या स्मृतिदिनी वामनदादांचा एकही शब्द न वाचणे, हे वाढदिवस असणाऱ्यास सोडून शेजाऱ्यास ओवाळण्यासारखे होईल. एका विद्यार्थिनीने दादांच्या जीवनाविषयीचे पुस्तक सुचविले. ती सूचनाही चांगली आहे, आणि तिने ते पुस्तक स्वतः वाचून त्याचा सारांश एका बैठकीत सांगावा, असे मी तिला सुचवितो.

आपले पेटीवादक आणि ढोलकीवाले मात्र म्हणाले की, गाणाऱ्याच्या स्मरणार्थ वाचन कसले? गाणेच पाहिजे. आणि माझे स्वतःचे मन आरंभी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या पुस्तकाकडे ओढ घेत होते, हे मी लपवीत नाही. लाहोरच्या मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे ते भाषण झालेच नाही, ते छापून वाचावे लागले. न झालेल्या भाषणाने जे काम केले ते झालेल्या हजार भाषणांनी केले नाही, या कारणाने वकिलास ते पुस्तक फार जवळचे वाटते. परंतु गेल्या वर्षी मी तेच पुस्तक तुमच्यावर लादले होते. मी कोर्टात युक्तिवाद करावा तसे ते वाचले, मध्येमध्ये कलमे सांगितली, आणि तिसऱ्या रविवारी सतरंजी अर्धी रिकामी होती. दोष पुस्तकाचा नव्हता. मी वाचीत होतो, तुम्हांला वाचू देत नव्हतो. तो अपराध पुन्हा करावयाचा नाही.

माझे मत बनले ते मागच्या रविवारी, आणि ते कोणाच्या युक्तिवादाने बनले नाही. मंडळाच्या पेटीत वामनदादांच्या ‘वाटचाल’ या गीतसंग्रहाच्या दोन प्रती आहेत. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेथून त्या आणल्या होत्या. १९७३ सालचा हा संग्रह हातोहात फिरत मागच्या रांगेत गेला. तेथे एक वयस्क भगिनी बसतात. त्या नियमाने येतात, कधी बोलत नाहीत. त्यांनी पुस्तक हातात घेतले ते उलटे. शेजारच्या मुलाने काही न बोलता ते सुलटे करून दिले आणि उघडलेल्या पानावरील गीताची पहिली ओळ वाचली. त्याबरोबर पुढचे कडवे त्यांनी म्हटले, त्याच्या पुढचेही म्हटले, आणि शेवटी कवीचे नाव येते ती ओळही म्हटली. मुलगा बोट फिरवीत राहिला आणि त्या म्हणत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, मले वाचता येत नाही, पण हे मले समदं पाठ हाये.”

बंधु-भगिनींनो, हेच पुस्तक आपण घ्यावे.

या मंडळात जे वाचू शकत नाहीत, त्यांच्यापुढे आपण कोणतेही पुस्तक ठेवले तरी ते पहिल्या पानापासून परके असते. या एकाच पुस्तकाचे तसे नाही. त्यातील कितीतरी मजकूर त्यांच्या कानात चाळीस-चाळीस वर्षे आहे, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत, बारशाला, लग्नाच्या मांडवात, रात्रभर चाललेल्या कव्वालीत भरलेला. कानाने ओळखलेला शब्द डोळ्याने ओळखणे एवढेच बाकी आहे. वामनदादा जोडाक्षरे कशी शिकले, ते आठवा. ज्या दुकानात साखर मिळते हे ठाऊक आहे, त्याच्या पाटीवरील अक्षरे तशी लवकर ओळखू येतात.

कोणी म्हणेल, वाचता येत नाही म्हणून या बाईचे काय अडले? मुले शिकली आहेत, मोबाईल बोलतो आहे. काय अडते, ते मला रोज दिसते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक भगिनी आल्या. त्यांच्या कुटुंबाने त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी दीक्षा घेतली होती. वडील वारले तेव्हा भावांनी त्यांना सांगितले की, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवावयाची आहेत, तू अंगठा दे. त्यांनी दिला. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. पुढे कोणाकडून तरी तो कसला कागद होता हे त्यांना समजले. त्या भावांकडे गेल्या तेव्हा भाऊ म्हणाले, आता आपण बौद्ध झालो, हिंदू कायद्याचा वाटा तुला मुळी लागतच नाही. हे साफ खोटे आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा त्याच्या दुसऱ्या कलमानेच बौद्धांनाही लागू केला आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क दिला आहे. धम्म स्वीकारल्याने मुलीचा हक्क जात नाही, हे वाक्य नवदीक्षित घरांनी भिंतीवर लिहून ठेवावे. पण भावांच्या शब्दावर विश्वासून त्या बाई गप्प राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा कागदाचे खरे स्वरूप कळून तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि असा लेख रद्द करून घेण्याच्या दाव्याची मुदत कळल्यापासून तीनच वर्षांची आहे. मी तो कागद वाचला. शेवटी नेहमीचे वाक्य होते, सदर लेख मला वाचून दाखविला, तो मला समजला व कबूल आहे. खाली निशाणी डावा अंगठा.

वाचून दाखविला! आपल्या समाजाची किती जमीन या दोन शब्दांवरून गेली असेल, याचा मी कधीकधी विचार करतो. ज्याला वाचता येते त्याला फसविता येत नाही, असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे पदवीधरही फसून येतात. पण निदान ‘वारस नोंद’ आणि ‘हक्कसोडपत्र’ हे दोन शब्द वेगळे दिसतात, एवढे कळावयास एक वर्षाची मेहनत पुरे.

आणि अंगठ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. वामनदादांच्या गीतांच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव येते. ही रीत जुनी आहे. चोखोबांनी, तुकोबांनी अभंगांत आपले नाव याच रीतीने घातले. मी वकील असल्यामुळे मला ती सही दिसते. ज्याला विशीत दुसऱ्याचे पत्र वाचता आले नाही, त्याने पुढे आपल्या गीतांखाली सही केली. आपले गायक ती सही पुष्कळदा गाळतात, वेळ नाही म्हणून शेवटचे कडवे सोडून देतात, किंवा त्या जागी स्वतःचे नाव घालतात. हे मला चोरीच्या जवळचे वाटते.

यासंबंधी कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात सांगतो, कारण पुस्तक ठरले की कोणीतरी झेरॉक्सच्या दुकानाकडे धावणार. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कृतीवर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क राहतो. वामनदादांच्या गीतांचा हक्क २०६४ साल संपेपर्यंत आहे. म्हणून संबंध पुस्तकाच्या प्रती काढून वाटू नका, मंडळाने आणखी तीन प्रती विकत घ्याव्यात, मी एकीचे पैसे देतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील ही मुदत २०१६ च्या अखेरीस संपली, त्यामुळे ते आता कोणीही छापू शकतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली निघाला, म्हणून त्याची मुदत आणखी एक वर्ष चालली. अनुवादावर अनुवादकाचा हक्क निराळा असतो, हे मात्र विसरू नका. शिकविण्यासाठी एखादे गीत फळ्यावर लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि कवीचे नाव कवीस मिळावे, हा हक्क त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमात स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. पेटीवादकांनी एवढे करावे, गीत सुरू करण्यापूर्वी कवीचे नाव मोठ्याने घ्यावे आणि शेवटचे कडवे गाळू नये.

आता वाचावयाचे कसे, यासंबंधी माझी सूचना ऐका. गीत वाचताना एक अडचण येते, ती मी घरी माझ्या आईबरोबर करून पाहिली आहे. चालीत अक्षरे ताणली जातात आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. पुस्तकात ते एकदाच छापलेले असते. पाठ असणारा मनुष्य गात पुढे जातो आणि बोट मागे राहते, किंवा बोट पुढे जाते आणि गाणे ध्रुवपदावर परत येते. आई दोनदा चिडली आणि पुस्तक मिटून चुलीकडे गेली. म्हणून पहिल्या फेरीत गाऊ नये, चाल सोडून नुसते शब्द म्हणावेत, संथ, बोलल्यासारखे. हे वाटते तितके सोपे नाही, जीभ चालीकडे धावते. एका रविवारी एकच गीत. एकाने ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावे. ज्यांना वाचता येते त्यांनी त्या दिवशी वाचू नये, ज्यांना येत नाही त्यांनीच बोट धरून म्हणावे, आणि वाचता येणाऱ्याने केवळ बोट चुकले तर सांगावे. हा नियम पदवीधरांना जड जाईल, मलाही जाणार आहे.

दुसऱ्या फेरीत आणखी एक गंमत तुमच्या ध्यानात येईल. तुम्हांला पाठ असलेला शब्द आणि छापलेला शब्द कित्येक ठिकाणी जुळणार नाही. गायकांनी, रेकॉर्डवाल्यांनी, कधी आपल्याच ऐकण्याने तो बदललेला असतो. अशा जागी थांबा आणि वाद घाला. कोणता शब्द अधिक चांगला, कवीने असा का लिहिला असेल? माझ्या मते मंडळाचे खरे वाचन येथे सुरू होईल, आणि ज्यांना ‘फकिरा’ पाहिजे होते त्या तरुणांनाही येथे भरपूर काम मिळेल. लाउडस्पीकरवर गीत नुसते वाजते. त्यात कवीने काय म्हटले आहे, कोणास प्रश्न केला आहे, आपल्यालाच कोठे टोचले आहे, हे वाजताना निसटून जाते. वामनदादांनी केवळ बाबासाहेबांची थोरवी गाइली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा संग्रह समोर धरून बसावे. त्यांनी आपल्या पुढाऱ्यांना आणि आपल्यालाही पुष्कळ सुनावले आहे, आणि ती गीते मिरवणुकीत फारशी वाजत नाहीत.

गीत वाचून झाल्यावर, मग पेटी उघडावी आणि ते मनसोक्त गावे. पेटीवादकांची मागणी अशा रीतीने पुरी होते, फक्त अर्धा तास उशिराने.

प्रत्येकाने एक वही ठेवावी. गीताची अखेरची ओळ, ज्यात कवीचे नाव आहे ती, वहीत उतरवावी आणि तिच्या खाली स्वतःचे नाव लिहावे. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांना पहिले दोन रविवार शेजाऱ्याने लिहून द्यावे, पुढे देऊ नये. आषाढी पौर्णिमेस ग्रंथवाचन सुरू होईल तेव्हा वाचणारा एकच राहणार नाही, निदान दोघी-तिघींनी एकेक परिच्छेद वाचावा, अशी माझी अपेक्षा आहे. मागच्या रांगेतील त्या भगिनींना मी विचारले, त्यांनी नाही म्हटले नाही.

मंडळास हे मान्य असेल तर हात वर करून सांगावे. १५ मे रोजी सायंकाळी सहा वाजता पहिली बैठक होईल. वही आणि शिसपेन आणावी. चष्मा असणाऱ्यांनी तो घरी विसरू नये. मागच्या वेळी तिघींनी एकच चष्मा आळीपाळीने लावला, आणि त्याचा नंबर कोणालाच लागत नव्हता.

जयभीम.